पूर्णवेळ कार्यकर्त्याची पंचेचाळिशी

(धुळे येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



शिबिराच्या पत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचा विषय 'अनुभवी सामाजिक कार्यकर्त्यांपुढील पर्यायी मार्ग' असा छापला आहे. तो वाचून आपल्यातील एका ज्येष्ठ साथींनी काल रात्री मला विचारले, "पर्यायी मार्ग म्हणजे पळवाट काय?" त्यांचा प्रश्न रागाचा होता, आणि तो राग मला समजतो. ज्या पिढीने घरदार सोडताना मागे वळून पाहणे हीच दुर्बलता मानली, त्या पिढीला हा विषयच शिबिरात यावा याचे दुःख होणार. तरीही मी हा विषय आग्रहाने मागून घेतला. त्याचे कारण आधी सांगतो.

गेल्या पावसाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. साक्री तालुक्यातला. अर्थशास्त्र घेऊन बी. ए. झाला आणि त्याच वर्षी संघटनेत पूर्णवेळ गेला. तेवीस वर्षे त्याने वनजमिनीचे दावे, रोजगार हमीची कामे, रेशनची भांडणे, बायकांच्या तक्रारी, सारे काही केले. दोन हजार रुपये मानधनावर सुरुवात झाली, ती आठ हजारांवर येऊन थांबली. पुढे संस्थेचा निधी आटला आणि तेही थांबले. मुलगी बारावीला. चहा घेऊन झाल्यावर बराच वेळ तो गप्प बसला आणि मग खाली मान घालून अहिराणीत म्हणाला, "सर, आते काय करू?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी पस्तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवले, त्यात श्रमबाजार शिकवला. पण आपल्याच माणसाच्या श्रमाचा बाजार कोठे भरतो हे मला सांगता येईना. आणखी एक गोष्ट येथे कबूल केली पाहिजे. त्याला संघटनेत जाण्याचा उत्साह देणाऱ्यांत मी होतो. वर्गात त्यागाची महती सांगणारा मी आज दर महिन्याला निवृत्तिवेतन घेतो, आणि ती महती ऐकून गेलेला माझा विद्यार्थी रिकाम्या हाताने माझ्यासमोर बसतो. हा हिशेब माझ्या खात्यावर लागतो, त्याच्या नव्हे.

कार्यकर्त्याच्या निर्वाहाचा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. १९०५ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भारत सेवक समाज काढला तेव्हा सभासदाच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या बेताच्या निर्वाहाची तजवीज संस्थेने करावी हे मुळातच ठरवले होते. त्याआधी डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनी ७५ रुपये वेतनावर वीस वर्षे काम करण्याची शपथ घेतली. वेतन तुटपुंजे होते, पण ते ठरलेले होते आणि मुदतही ठरलेली होती. म्हणजे ज्यांना आपण नेमस्त म्हणून बाजूला सारले, त्यांनी या बाबतीत आपल्यापेक्षा अधिक व्यवहार पाहिला. आपण क्रांतीचा हिशेब मांडला आणि कार्यकर्त्याच्या म्हातारपणाचा मांडायचा विसरलो.

खानदेशात बोलताना साने गुरुजींचे नाव टाळता येत नाही. १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि १९३० मध्ये राजीनामा देऊन सत्याग्रहात गेले. पुढे याच धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि ती गुरुजींनी उतरवून घेतली. गुरुजी नोकरीत परतले नाहीत. पण कार्यकर्त्यांना सांगण्यासारखी एक बाजू आपण सहसा सांगत नाही. गुरुजींच्या हाती लेखणी होती. 'श्यामची आई' १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. १९३८ साली अमळनेरहून त्यांनी 'काँग्रेस' साप्ताहिक काढले आणि १९४८ साली 'साधना'. चळवळ आणि निर्वाह यांच्यामध्ये लेखनाचा पूल त्यांना उपलब्ध होता. शिवाय ते एकटे होते. त्यांचे उदाहरण आपण दोन मुलांच्या बापापुढे ठेवतो, तेव्हा आदर्श दाखवत असतो की त्याचे तोंड बंद करत असतो, याचा विचार व्हावा.

आपल्या परंपरेत या प्रश्नावर एकच मोठा संघटित प्रयत्न झाला, तो सामाजिक कृतज्ञता निधीचा. १९८० नंतरच्या दशकात बाबा आढाव, डॉ. श्रीराम लागू, नरेंद्र दाभोलकर यांच्यासारख्यांनी पुढाकार घेतला. लागू, निळू फुले आणि इतर नामवंत नटमंडळींनी अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग गावोगावी केले, त्यातून निधी जमवला आणि त्याच्या उत्पन्नातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देण्याची व्यवस्था केली. त्यातील 'कृतज्ञता' हा शब्द मला फार नेमका वाटतो. दान नव्हे, मदत नव्हे. समाज आपले देणे फेडतो आहे. लागू २०१९ मध्ये गेले, निळूभाऊ २००९ मध्ये, बाबा २०२५ च्या डिसेंबरात. त्यांनी लावलेले झाड आपण तालुक्यातालुक्यात का लावले नाही, हा प्रश्न आपल्यालाच विचारावा लागेल.

आता अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याप्रमाणे परिस्थिती पाहू. पंचेचाळीस वर्षांच्या कार्यकर्त्यापुढे कोणते दरवाजे बंद आहेत? राज्य शासनाच्या नोकरीची सर्वसाधारण वयोमर्यादा खुल्या वर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. म्हणजे तो दरवाजा बंद. सामाजिक कामाच्या ज्या थोड्या पगारी जागा असतात, त्यांना समाजकार्याची पदव्युत्तर पदवी लागते. अटल पेन्शन योजना २०१५ साली आली, असंघटित कामगारांची श्रमयोगी मानधन योजना २०१९ साली. दोहोंत प्रवेशाचे वय १८ ते ४०. ज्याने चाळिशीपर्यंत दुसऱ्यांचे अर्ज भरून दिले, त्याचा स्वतःचा अर्ज भरायचा राहून गेला. राष्ट्रीय पेन्शन योजनेचे दार त्यानंतरही उघडे आहे, पण तेथे हाती काय पडेल याची हमी नाही आणि भरायला आधी उत्पन्न हवे. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा मुख्यतः वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना लागतो. आपल्या तालुक्याच्या संस्थेत माणसे किती? चार. कधी पाच.

त्यातून २०२० साली विदेशी निधीच्या कायद्यात दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली आणि एका संस्थेने घेतलेला विदेशी निधी दुसरीकडे वळवण्यास बंदी झाली. शहरातल्या मोठ्या संस्थेच्या आधाराने तालुक्यात उभ्या असलेल्या छोट्या संस्थांना हा घाव वर्मी बसला. माझ्या विद्यार्थ्याचे मानधन थांबले ते त्याच काळात.

येथे एक कटू गोष्ट बोलतो. २०१८ साली राज्य शासनाने आणीबाणीतील बंदिवानांना मानधन सुरू केले. महिन्याहून अधिक कारावास भोगलेल्यांना दरमहा १० हजार रुपये. आपल्यापैकी काहींनी ते घेतले, काहींनी तत्त्व म्हणून नाकारले, आणि त्यावर आपण बराच वाद घातला. पण १९७५ साली तुरुंगात गेलेल्याच्या मानधनावर वाद घालताना, १९९५ पासून तालुक्यात राबणाऱ्याला मानधनच नाही याची आठवण कोणाला झाली? आणि 'मानधन' या शब्दाचाही एकदा निकाल लावला पाहिजे. अंगणवाडी सेविका, आशा, ग्रामरोजगार सेवक या सर्वांना शासन वेतन देत नाही, मानधन देते. म्हणजे मान आमचा आणि धन थोडके. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीस पात्र असल्याचा निर्णय दिला तेव्हा आपण आनंद साजरा केला. त्याच आनंदात आपल्या संघटनेच्या कार्यालयात वीस वर्षे कागद सांभाळणाऱ्या ताईंना ग्रॅच्युइटी देण्याचे आपल्याला सुचले नाही.

मग दरवाजे उघडे कोणते? आधी त्याच्यापाशी भांडवल काय आहे ते पाहू. माझ्या त्या विद्यार्थ्याला मी म्हटले, तू काय काय करू शकतोस ते कागदावर लिही. त्याने लिहिले, 'समाजकार्य, २३ वर्षे.' एवढेच. आम्ही दोन संध्याकाळी बसलो आणि मी त्याला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारले. तेव्हा कळले की त्याला गाव नकाशा आणि सातबारा तहसीलच्या कारकुनाहून चांगला वाचता येतो. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दाव्याला कोणता पुरावा चालतो, म्हाताऱ्या माणसाचा जबाब कसा नोंदवायचा, उपविभागीय समितीने दावा फेटाळला तर अपील किती दिवसांत करायचे, हे त्याला तोंडपाठ आहे. कामाचे मोजमाप आणि हजेरीपट यांतली लबाडी त्याला दुरून ओळखता येते. दोनशे माणसांची सभा बिथरली तर तिला पुन्हा मुद्द्यावर आणता येते. भिलांशी, कोकण्यांशी, मराठा शेतकऱ्याशी आणि जिल्हाधिकाऱ्याशी त्याला चार वेगवेगळ्या भाषांत बोलता येते. दोन ओळींची सात पाने झाली. हे सर्व ज्ञान आहे, कौशल्य आहे. फक्त त्यावर कोणाचा शिक्का नाही.

शिक्क्याचा एक मार्ग अलीकडे निघाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' म्हणून नेमणुकीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. ज्याने आपल्या क्षेत्रात किमान पंधरा वर्षे काम केले आहे त्याला औपचारिक पदवीच्या अटीशिवाय शिकवण्यास बोलावता येते. मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतात. चोपडे, अमळनेर, जळगाव येथे समाजकार्याची महाविद्यालये आहेत. तेथील विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी खेड्यांत पाठवावे लागते, आणि पुष्कळदा त्यांच्याबरोबर जाणाऱ्या शिक्षकाने ते खेडे पूर्वी पाहिलेले नसते. तेथे आमचा हा माणूस का नसावा? अडचणीही सांगतो. नेमणूक जास्तीत जास्त तीन वर्षांची, अपवाद म्हणून आणखी एक. पैसा संस्थेने स्वतः उभा करायचा. आणि आजवर ही सोय बहुधा उद्योगपती व निवृत्त अधिकारी यांच्यासाठीच आहे अशी समजूत पसरली आहे. ती समजूत मोडण्याचे काम प्राध्यापक संघटनांतील आपल्या साथींचे आहे. मी स्वतः एका प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी आदराने ऐकून घेतले आणि विचारले, "पण त्यांना नेट-सेट आहे का?" तत्त्वांचा कागद मी त्यांच्या मेजावर ठेवून आलो.

कायद्याचा मार्ग यापेक्षा पक्का आहे. पदवीधर कार्यकर्त्याला तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम करण्यास वयाची आड नाही. ज्याने तीनशे दावे तयार केले त्याला सनद मिळाली तर तालुका न्यायालयात तो काय करू शकेल याची कल्पना करा. जो पदवीधर नाही, त्याला विधी सेवा प्राधिकरणाचा विधी स्वयंसेवक होता येते. तेथे मिळणारा पैसा मात्र पोटापुरताही नाही. भगिनींसाठी आणखी एक सांगतो. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती हवी आणि तिच्यावर बाहेरची, स्त्रियांच्या प्रश्नावर काम करणारी व्यक्ती हवी. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना, बँकांना, महाविद्यालयांना अशा व्यक्ती लागतात. त्या जागा आज बहुधा मालकाच्या ओळखीने भरल्या जातात. ज्या ताईंनी पंचवीस वर्षे नवऱ्याने हाकललेल्या बायकांबरोबर पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्या, त्यांचा तेथे पहिला हक्क आहे.

शेतकरी उत्पादक कंपन्यांविषयी मला अर्धाच उत्साह आहे. केंद्राच्या २०२० च्या योजनेत एका कंपनीला व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत साहाय्य मिळते. त्यातून व्यवस्थापकाचा पगार निघतो. रावेर-यावलच्या केळीला, धुळ्याच्या कापसाला अशी संघटित विक्री हवी, आणि शेतकऱ्यांना एकत्र बसवण्याची विद्या आपल्या माणसापाशी आहे. पण हिशेबाची, मालाची प्रतवारी आणि उधारीवसुलीची विद्या त्याच्यापाशी नसते. ती शिकण्याची तयारी असेल तरच त्याने त्या वाटेला जावे. नाहीतर चौथ्या वर्षी साहाय्य संपते, कंपनी बसते आणि गावात इतक्या वर्षांनी मिळवलेली पत तिच्याबरोबर बुडते.

आता सर्वांत अवघड भाग. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणे भाग पाडले. त्यासाठी त्यांना माणसे लागतात, आणि पगार चांगला असतो. माझ्या विद्यार्थ्यालाही एका कंपनीकडून विचारणा आली होती. काम काय? गावकऱ्यांशी 'समन्वय'. स्पष्ट शब्दांत सांगायचे तर, कंपनीला हव्या असलेल्या जमिनीवरून गाव अडून बसले होते आणि ज्याच्यावर गावाचा विश्वास आहे असा माणूस कंपनीला हवा होता. आठ हजारांच्या जागी पस्तीस हजार. त्याने नकार दिला. मी त्याला शाबासकी दिली नाही, कारण शाबासकीने मुलीची फी भरत नाही. तरी फरक आपण ओळखला पाहिजे. कंपनीच्या पैशाने शाळेत, दवाखान्यात, पाणलोटाच्या कामात राबणे एक, आणि वीस वर्षांत मिळवलेला लोकांचा विश्वास त्यांच्याच विरुद्ध विकणे दुसरे. पहिल्याला मी दोष देणार नाही, आणि तुम्हीही देऊ नये. जळगावच्या जैन हिल्सवरचे गांधी तीर्थ एका उद्योगसमूहाच्या आधाराने उभे राहिले. तेथे कोणी ग्रामीण कामात पगार घेत असेल तर त्याला 'गेला' म्हणण्याची आपली सवय कोती आहे.

मला सर्वांत मोलाची वाटते ती वाट वेगळी आहे: ज्या लोकांसाठी काम केले त्यांनीच कार्यकर्त्याला कामावर ठेवावे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये ग्रामसभेने स्वतः बांबू विकला. गावापाशी स्वतःचे उत्पन्न आले की गाव हिशेबनीस ठेवू शकते, नियोजनाचा सचिव ठेवू शकते. आपल्या साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याकडे पाहा. चैतराम पवार एम. कॉम. होऊन गावातच राहिले, गावाने सुमारे चारशे हेक्टर जंगल राखले, आणि २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची संघटना आपली नव्हे, तिच्याशी आपले मूलभूत मतभेद आहेत आणि ते राहतील. पण गाव आपल्या माणसाला कसे धरून ठेवते हे तेथे जाऊन शिकायला कमीपणा कसला? सातपुड्यात यावल, चोपडा, शिरपूर तालुक्यांत सामूहिक हक्कांच्या वनांचे व्यवस्थापन आराखडे करायचे आहेत. ते करणारी माणसे बाहेरून आणली जातात आणि हक्क मिळवून देणारा माणूस घरी बसतो.

पर्यायाच्या वाटेने जाणाऱ्याला आपण फितूर समजतो, त्याविषयी एक दाखला देतो. अल्बर्ट हर्शमन नावाचे अर्थशास्त्रज्ञ १९८३ साली लॅटिन अमेरिकेतील सहा देशांत गरिबांच्या सहकारी उपक्रमांची पाहणी करीत हिंडले. त्यांना आढळले की हे उपक्रम चालवणाऱ्यांत पुष्कळजण पूर्वी कोठल्या तरी चळवळीत होते आणि ती चळवळ मोडून पडली होती. चळवळ संपली तरी सामाजिक ऊर्जा नष्ट झाली नव्हती. रूप बदलून ती दुसरीकडे उगवली होती. आपल्याकडे १९७२ च्या सुमारास शहाद्याला, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंतींनी पेटवलेल्या त्या आदिवासी जागृतीतून वाहरू सोनवणे आले; ते कार्यकर्ते राहिले आणि कवीही झाले. मुंबईच्या आयआयटीतून अभियंता होऊन आलेले कुमार शिराळकर २०२२ साली जाईपर्यंत शेतमजुरांतच राहिले. त्या चळवळीतले पुष्कळजण मात्र शिक्षक झाले, वकील झाले, दुकान घालून बसले. त्यांच्यापैकी किती जणांना आपण पुन्हा कधी बैठकीला बोलावले? ऊर्जा रूप बदलते हे खरे, पण आपण तिच्याशी बोलणे टाकले तर ती आपल्यापुरती संपतेच.

म्हणून शेवटी व्यवहाराचे बोलतो. दरमहा ५०० रुपये, ८ टक्के दराने, वीस वर्षे बाजूला ठेवले तर सुमारे २ लाख ९५ हजार रुपये होतात. त्यात भरलेली रक्कम फक्त १ लाख २० हजार. माझ्या विद्यार्थ्याच्या संस्थेने हे केले असते तर तो माझ्याकडे आला असता, पण मान खाली घालून नव्हे. ५०० रुपये म्हणजे एका मोर्चाच्या फलकांचाही खर्च नाही. दुसरे म्हणजे, प्रत्येक संघटनेने आपल्या कार्यकर्त्याला अनुभवपत्र द्यावे. 'यांनी प्रामाणिकपणे काम केले' असले मोघम नव्हे, तर किती दावे, किती गावे, कोणता कायदा, कोणत्या वर्षी, असे तपशीलवार. आपल्याला सत्कारासाठी मानपत्रे लिहिता येतात, मग हेही येईल. आणि दहा वर्षे झालेल्याला एक वर्ष रजा द्यावी, शिकण्यासाठी. तो परत येणार नाही ही भीती धरून कोणाला अडवून ठेवू नये.

जळगाव-धुळ्यात माझ्यासारखे निवृत्तिवेतन घेणारे प्राध्यापक आणि शिक्षक पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेकांनी आयुष्यभर समाजवाद शिकवला आहे. त्यांनी वर्षातून एका दिवसाचे निवृत्तिवेतन खानदेशातील पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या निधीत द्यावे असे माझे आवाहन आहे. मंडपाबाहेर मेजावर वही ठेवली आहे. पहिल्या ओळीवर मी माझे नाव आणि रक्कम लिहिली आहे. रकमेचा आकडा पाहून कोणी हसू नये, आमची नेमणूक जुन्या वेतनश्रेणीतली. वही सांभाळायला जो बसला आहे तोच माझा तो विद्यार्थी. त्याचा अर्ज महाविद्यालयात पडून आहे, उत्तर आलेले नाही. दरम्यान पश्चिम पट्ट्यातल्या तीन ग्रामसभांनी मिळून वनआराखड्याच्या कामासाठी त्याला सहा महिने ठेवायचे ठरवले आहे. पैसे तेंदूपानाच्या हंगामानंतर देणार आहेत.